पट्टीखालचे नाव

मित्रांनो, हे सारे घडले ते १९८९ साली, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, मिलर्स वेल नावाच्या आदिवासी वस्तीवर. चारी बाजूंना तांबडी वाळू, मध्ये पत्र्याची चाळीसेक घरे, एक दुकान, एक चर्च आणि एक रेडिओ केंद्र. त्या केंद्राच्या टेबलावर माझी जागा होती.

मी एक जुनी नोंदवही आहे. आता माझी शिवण उसवली आहे आणि एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, पण आठवण शाबूत आहे. माझा जन्म ॲडलेडच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. पाठीला हिरवे कापड, जाड पुठ्ठे आणि पोटात दोनशे जोडपाने, वरचे पांढरे आणि खालचे पिवळे. मध्ये निळा कार्बन घालून लिहिले की पांढऱ्यावरचे पिवळ्यावर उमटायचे. मग पांढरे पान फाडून टपालाने पाठवायचे. पिवळे माझ्यापाशी राहायचे. पहिले पान फाडले तेव्हा मला दुखले. पुढे सवय झाली.

टपालाच्या विमानातून मी आले तेव्हा माझ्याबरोबर पिठाची पोती आणि फुटबॉलच्या बुटांचे खोके होते. रेडिओ केंद्र म्हणजे एकच खोली होती. दोन कॅसेट यंत्रे, एक फोन, आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून फुटबॉलचा मोजा चढवलेला एक मायक्रोफोन. तिथे बोलायला कोरल नुंगराई बसत असे. तिचे अक्षर गोल आणि स्वच्छ होते. गाणे लावले की ती लगेच माझ्यात लिही: वेळ, गाणे, कोणी रचले, कोण गाते, किती मिनिटे.

दर तीन महिन्यांनी माझी पांढरी पाने सिडनीच्या एका कचेरीत जात. देशभरातली रेडिओ केंद्रे, हॉटेले, नाचघरे, जिथे जिथे गाणे वाजते तिथले मालक त्या कचेरीत पैसे भरत. कचेरी माझ्यासारख्यांची पाने मोजून कोणाचे गाणे किती वेळा वाजले ते बघे आणि रचणाऱ्याचा वाटा त्याच्या घरी पाठवी. गाणे गावो कोणीही आणि वाजो कुठेही, ज्याने रचले त्याला त्याचे मिळावे, एवढाच त्यातला हेतू. मला माझ्या कामाचा अभिमान होता. पण मित्रांनो, एवढे मोठे काम माझ्या एका रकान्यावर उभे होते. तो रकाना म्हणजे 'कोणी रचले'. पुढे सगळा घोळ झाला तो त्याच रकान्यात.

कोरलचा एक चुलतभाऊ होता. त्याचे नाव मी तुम्हाला सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. तो गाणी रचायचा. त्याचे सगळ्यात आवडते गाणे होते एका झिऱ्याचे. वस्तीपासून दीड दिवसाच्या वाटेवर, कोरड्या नदीच्या वाळूत हात घातला की पाणी वर येई अशी ती जागा. ती त्याच्या बापाची, आज्याची जागा. तिथे त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या आणि बोअरवर पंप बसवला होता. पंपाचे इंजिन जळाले, तेव्हा बायकोमुलांना घेऊन तो वस्तीवर आला. "पंप चालू झाला की परत जाऊ," असे तो चार वर्षे म्हणत होता.

सिडनीच्या कचेरीचा सभासद होण्याचा फॉर्म त्याने याच टेबलावर भरला. दीड तास लागला. दोन महिन्यांनी पत्र आले. प्रत्येक रचणाऱ्याला कचेरी एक नऊ आकड्यांचा क्रमांक देई. तो हरवू नये म्हणून त्याने माझ्या पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, छापील तांबड्या रेघेपासून सुरुवात करून, जाड पेनने आपले नाव लिहिले आणि पुढे क्रमांक लिहिला. पत्र मात्र त्याच्या पोराने पतंगाला लावले.

शेजारी त्याची बायको उभी होती, टिल्ली नांगाला.

"बघ टिल्ली," तो म्हणाला, "मला नंबर मिळाला. मी आता गाडी झालो."

"गाडी तरी चालते," टिल्ली म्हणाली.

मग तिने माझ्या पुठ्ठ्यावर बोटे आडवी ठेवून मोजले. "चार बोटं नाव. मग एक अंगठा रिकामा. मग तीन बोटं नंबर. एवढं लांबलचक नाव कशाला लागतं रे माणसाला?"

"लांबून हाक मारायला," तो म्हणाला.

कोरल हसता हसता चहा सांडून बसली. त्याचा पिवळा डाग अजून माझ्या पहिल्या पानावर आहे.

१९८८ च्या जुलैत तो झिऱ्याकडे निघाला होता. पंप एकदा खोलून बघतो म्हणाला. वाटेतच त्याच्या छातीत कळ आली आणि गाडीतच तो गेला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे नाव जाते. कोणी ते उच्चारत नाही. उच्चारले तर गेलेला मागे वळून बघतो आणि त्याच्या माणसांचे दुःख पुन्हा उघडे पडते. तेच नाव दुसऱ्या कोणाचे असेल, तर त्याचेही घ्यायचे नाही. त्या सगळ्यांना म्हणायचे 'कुमंजाई'. कुमंजाई म्हणजे ज्याचे नाव आता घेता येत नाही तो. वर्षे जातात, दुःख निवते, मग कधीतरी घरची माणसे ठरवतात आणि नाव परत येते.

कोरलने दोन दिवस बसून खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या. पिठाची खळ केली आणि माझ्या पिवळ्या पानांवर जिथे जिथे त्याचे नाव होते, तिथे तिथे एकेक पट्टी चिकटवली. पुठ्ठ्यावरची ओळही तिने एका लांब पट्टीने झाकली. तिचे डोळे भरलेले होते. पट्टी नावावरून सरळ पुढे क्रमांकावरही गेली, हे तिच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते. पण मला तोंड कुठे होते?

त्याच्या कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत बंद झाल्या. झिऱ्याच्या गाण्याचे नाव त्याच्या नावासारखे ऐकू येई, म्हणून तेही बंद झाले. गाण्याला सगळे नुसते 'पाण्याचं' म्हणू लागले. आमचा व्यवस्थापक मेलबर्नकडचा, बॅलरॅट गावचा गोरा माणूस, सहाच महिन्यांपूर्वी आला होता. त्याचे पहिले नाव नेमके तेच निघाले. सकाळी तो कामावर आला तेव्हा त्याचेही नाव गेलेले होते.

"मग मला काय म्हणणार तुम्ही?" त्याने विचारले.

"कुमंजाई," कोरल म्हणाली. "आणि चहा तूच कर आज."

टिल्ली विधवांच्या तळावर राहायला गेली. केस कापले, अंगाला पांढरी माती लावली आणि तिने मौन धरले. नवरा गेलेली बाई वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त काळ बोलत नाही. बायकांची हातांची एक भाषा असते. तिच्यात सगळे सांगता येते. शिव्यासुद्धा.

सहा महिन्यांनी, म्हणजे १९८९ च्या सुरुवातीला, मेलबर्नच्या एका गायिकेने 'पाण्याचं' गाणे गायले. कोणाकडून तरी तिच्या हाती जुनी कॅसेट लागली होती. तिच्या तबकडीवर एवढेच छापले होते, 'वाळवंटातल्या एका माणसाचे गाणे'. ते गाणे देशभर वाजू लागले.

आमच्याकडे ते वाजवायचे की नाही, हे म्हाताऱ्या जांपिजिन्पाला विचारावे लागले. जांपिजिन्पा सत्तरीचा, पण नात्याने गेलेल्याचा भाचा. मामाच्या घराण्याची गाणी नीट सांभाळली जातात की नाही, हे बघायचे काम भाच्याचे असते. त्या नात्याने तिशीतली कोरल, मामाची बहीण म्हणून, त्याची आई लागे.

"आई, लाव बघू एकदा," तो म्हणाला. डोळे मिटून त्याने सगळे ऐकले. "आवाज मामाचा नाही. बाई नाकातून गाते. वाजू दे."

"बाळा, पण लिहू काय?" कोरलने विचारले. "रचणाऱ्याच्या रकान्यात?"

"जे खरं आहे ते लिही. कुमंजाई."

मग कोरलने माझ्यात लिहिले: गाणे, पाण्याचं. कोणी रचले, कुमंजाई. एकदा नाही, चाळीस-पन्नास वेळा. पांढरी पाने सिडनीला गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र आले. कोरलने मोठ्याने वाचले. 'श्रीयुत कुमंजाई, व्यवस्थापक, यांस. आपल्याच नावाच्या एका गीतकाराची गाणी अलीकडे आमच्याकडे पुष्कळ येत आहेत. ते आपणच का? तसे असल्यास आपण सभासद झालेला नाहीत.' केंद्राची पत्रे कोरलच टाइप करत असे आणि व्यवस्थापकाच्या सहीखाली तिने कुमंजाई असेच टाइप केले होते.

व्यवस्थापक हसला. पुढचे वाचल्यावर कोणी हसले नाही. पत्रात लिहिले होते की पाण्याच्या गाण्याचे चार हजार दोनशे डॉलर जमले आहेत. ३० जूनपर्यंत रचणाऱ्याचा पत्ता लागला नाही, तर ते पैसे बाकीच्या सभासदांत वाटले जातील आणि गाण्याच्या कार्डावर 'पारंपरिक' असा शिक्का मारला जाईल.

"पारंपरिक म्हणजे?" जांपिजिन्पाने विचारले.

"म्हणजे कोणाचंच नाही," व्यवस्थापक म्हणाला. "कोणीही घ्यावं, गावं, विकावं."

"कोणाचंच नाही असं गाणं कसं असेल? मग ती जागाही कोणाची नाही म्हणायची?"

चार हजार डॉलरमध्ये पंपाचे इंजिन आले असते, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. पण म्हाताऱ्याच्या मनात इंजिन नव्हते. तो तसाच उठून विधवांच्या तळाच्या दिशेने चालू लागला.

दुसऱ्या दिवशी टिल्ली आली. दारापाशी, जमिनीवर बसली. कोरलने सिडनीला फोन लावला. श्रोत्यांचे फोन ऐकवता यावेत म्हणून आमचा फोन लाउडस्पीकरला जोडलेला होता, त्यामुळे पलीकडचे सगळे खोलीभर ऐकू आले. पलीकडे होत्या बर्निस हॅलोरन बाई. प्रत्येक गीतकाराचे एक कार्ड असे आणि त्या कार्डांच्या कपाटांवर त्यांचे राज्य होते. आवाज दमलेला, पण मायेचा.

"गीतकाराची पत्नी आहे ना तिथे?" त्या म्हणाल्या. "मग सोपं आहे. त्यांनी फक्त फोनवर नवऱ्याचं पूर्ण नाव सांगायचं. मी लिहून घेते."

"ती बोलत नाही," कोरल म्हणाली.

"आजारी आहेत का?"

"नाही. नवरा गेला."

"अरेरे. कधी?"

"गेल्या वर्षी."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी बहीण."

"मग तुम्हाला नाव माहीत असेलच."

"माहीत आहे."

"मग?"

कोरलने टिल्लीकडे पाहिले. टिल्लीचे हात मांडीवर गच्च धरलेले होते. तिच्याकडे पाहून व्यवस्थापक हळूच म्हणाला, "मी बाहेर जातो. दुकानातल्या फोनवरून सांगतो त्यांना. कोणाला कळणार नाही."

"तुला कळेल ना," जांपिजिन्पा म्हणाला.

व्यवस्थापकाची मान खाली गेली. शिवाय त्याला पहिले नावच ठाऊक होते. फॉर्मवर आडनाव कोणते घातले होते, ख्रिस्ती मिशनने दिलेले की बापाचे की नांगाला-नुंगराईसारखे नात्याच्या गटाचे, हे त्याला कसे कळणार? त्या पहिल्या नावाची कार्डे सिडनीत शंभरावर होती.

"अहो, मी तुमच्यासाठीच विचारतेय," हॅलोरन बाई म्हणाल्या. "माझी इकडे पंचाईत झालीय. मला वाटलं होतं हा कुमंजाई कोणी तरुण मुलगा असेल. किती लिहितो. त्याच्या कार्डावर आठ गाणी झालीत, चार वेगवेगळ्या केंद्रांवरून आलेली."

"बाई, तो एक नाही," कोरल म्हणाली.

"म्हणजे? कुमंजाई आहेत तरी किती?"

"जितके गेले तितके."

मग तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे देवा," बाई हलकेच म्हणाल्या. "मी चार मेलेल्या माणसांना एका कार्डावर बसवलं."

त्यांनी कागद पुढे ओढल्याची सळसळ ऐकू आली. मग म्हणाल्या, "नाव नसलं तरी चालेल. सभासद असतील तर त्यांना एक क्रमांक असतो. नऊ आकडी. तो मिळाला तर मला बाकी काही नको."

कोरलने माझ्याकडे पाहिले. मला छातीशी घेऊन पुढचा पुठ्ठा उघडला आणि तिचा चेहरा पडला.

"क्रमांक आहे," ती म्हणाली. "पण मी तोही झाकलाय."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर किती माणसे वाकली होती म्हणून सांगू. लांब खाकी पट्टी, तिच्याखाली आधी नाव, मग क्रमांक. पट्टी अख्खी सोलून काढता येत नव्हती, कारण नाव उघडे पडले असते. फक्त क्रमांकापुरती खिडकी कापायची. पण नाव कुठे संपते आणि क्रमांक कुठे सुरू होतो, हे वरून दिसत नव्हते.

"अर्ध्यावर काप," व्यवस्थापक म्हणाला.

"नाव नक्की किती लांब होतं?" कोरल पुटपुटली. "मधेच कापलं तर शेवटची अक्षरं दिसतील." तिने पेन्सिलीने एक खूण केली, खोडली, थोडी अलीकडे दुसरी केली.

तेव्हा टिल्ली उठली. ती टेबलापाशी आली, तिने पेन्सिल काढून बाजूला ठेवली. पट्टीच्या वर आणि खाली तांबडी छापील रेघ दिसत होती. त्या रेघेला लावून तिने आपली चार बोटे माझ्यावर आडवी ठेवली. त्यांच्या पुढे दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवला. मग चार बोटे उचलली आणि अंगठ्याच्या पलीकडे तीन बोटे ठेवली. हात तिथेच ठेवून ती कोरलकडे बघत राहिली. कोरलची पहिली खूण तिच्या चौथ्या बोटाखाली होती, दुसरी तिसऱ्या बोटाखाली.

त्या बोटांची ऊब मला अजून आठवते. एकदा थट्टेने मोजलेले तिने जसेच्या तसे लक्षात ठेवले होते.

"मामी म्हणते इथे," जांपिजिन्पा म्हणाला. "आई, तू सरक. हे माझं काम आहे."

त्याने दाढीचे पाते घेतले. डोळ्यांनी त्याला कमी दिसत होते, पण टिल्लीच्या बोटांना टेकवून त्याने पाते ओढले. चारी बाजू कापल्या, ओले फडके ठेवून खळ भिजू दिली आणि तुकडा उचलला. खाली आकडे दिसले. नावातले एक अक्षरही दिसले नाही. फक्त खळीला चिकटून शेवटचा आकडा उचललेल्या तुकड्याबरोबर गेला आणि ओल्या कागदात त्याचा निळा डाग झाला.

कोरलने आठ आकडे वाचले. "नववा गेला, बाई."

"थांबा." तिकडे खण ओढल्याचे, कार्डे चाळल्याचे आवाज. "याच्याशी जुळणारी तीन कार्डं आहेत. एक बाई आहेत, त्या नकोत. राहिले दोन पुरुष, दोघांचाही पत्ता नुसता ॲलिस स्प्रिंग्जच्या टपालाचा. जन्मतारीख सांगाल? एकाची चौदा मार्च आहे आणि एकाची एक जुलै."

कोरल हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकले.

"काय झालं?"

"बाई, एक जुलैवाला आमचा. इथे आम्ही सगळे एक जुलैला जन्मलो. सरकारी माणूस आला होता यादी करायला. कोणालाच तारीख सांगता येईना. मग त्याने सगळ्या वस्तीला एकच देऊन टाकली."

"माझीही तीच," जांपिजिन्पा अभिमानाने म्हणाला.

"मिळालं," हॅलोरन बाई म्हणाल्या. "कार्ड माझ्या हातात आहे. आता फक्त खात्रीसाठी नाव वाच..."

"नको," तिघेही एकदम म्हणाले. आणि टिल्लीने झेप घेऊन लाउडस्पीकरच्या जाळीवर दोन्ही तळवे दाबले.

मग बाई हळू म्हणाल्या, "नाही वाचत. नुसतं बघते."

"बघा," कोरल म्हणाली. "तुम्हाला कळलं ना? मग पुरे."

"पैसे पत्नीच्या नावाने पाठवते. त्यांचं नाव घेतलेलं चालतं ना?"

"चालतं. टिल्ली नांगाला. आणि बाई, त्या कार्डावरच्या बाकीच्या सात गाण्यांचं काय?"

"३० जूनला अजून तीन आठवडे आहेत," बाई म्हणाल्या. "बघते."

इंजिन ऑगस्टमध्ये ट्रकने आले. जांपिजिन्पा स्वतः ट्रकवर बसून झिऱ्यापर्यंत गेला आणि परत आल्यावर महिनाभर सगळ्यांना सांगत होता की ते त्यानेच बसवले. खरे तर तो सावलीत झोपला होता.

मला तेव्हा खूप मान मिळाला. माणसे मुद्दाम येऊन माझी खिडकी बघून जात. पण मान फार दिवस टिकत नाही. चार वर्षांनी कॉम्प्युटर आला आणि मी जुन्या कॅसेटींच्या कपाटात गेले. पुढे कपाटाचे दार झुलू नये म्हणून त्याखाली मला पाचर म्हणून लावले. नऊ वर्षे मी दाराखाली होते. कोपरा वाळवीने खाल्ला तो तेव्हाच. एकदा मला कचऱ्याच्या ढिगावर टाकलेही होते. कोरलने येऊन उचलले. रागाने ती कोणाशी बोलली नाही दोन दिवस.

आता कोण कुठे आहे, तेही सांगते.

जांपिजिन्पा १९९७ मध्ये गेला. व्यवस्थापकाला तीन वर्षांनी त्याचे नाव परत मिळाले. तो बॅलरॅटला राहतो. कोरलला पत्र लिहिले की खाली सही मात्र अजून कुमंजाई अशीच करतो. हॅलोरन बाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी त्यांनी कपाटावर एक चिठ्ठी डकवली होती: 'कुमंजाई हे कोणाचेही नाव नाही. आधी फोन करा.' कोरल म्हातारी झाली. वस्तीवर जुन्या वस्तू जपायची एक थंड खोली आहे, तिची किल्ली तिच्या गळ्यात असते. मी त्याच खोलीत आहे.

टिल्लीचे मौन १९९० च्या थंडीत सुटले. पहिले वाक्य ती काय बोलते, हे ऐकायला सगळ्या बायका जमल्या होत्या. "चहात साखर कमी आहे," ती म्हणाली. मुलांना घेऊन ती झिऱ्यावर अकरा वर्षे राहिली. आता तिचे मूत्रपिंड काम करत नाही. आठवड्यातून तीन दिवस तिला ॲलिस स्प्रिंग्जच्या दवाखान्यात यंत्राला जोडतात, म्हणून तिला तिकडेच राहावे लागते. झिऱ्यावर कोणी नाही. पंप गंजला असेल.

२००१ मध्ये तिला नातू झाला. घरच्यांनी बसून ठरवले आणि आज्याचे नाव त्याला दिले. आता ते नाव घेता येते. फुटबॉलच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला कोणी त्याला हाक मारली की माझ्या खोलीत मला ऐकू येते. खरेच, नाव लांबून हाक मारायला चांगले आहे. पण मी ते सांगणार नाही. मी पट्ट्यांत वाढलेली वही आहे.

आणि शेवटी ज्यासाठी मी हे सगळे सांगत बसले, ते. त्या तीन आठवड्यांत हॅलोरन बाईंनी आणखी दोन कुमंजाई शोधून काढले. चौथा राहिला. तो १९८७ मध्ये पश्चिमेकडून कोणाच्या तरी गाडीत बसून आला होता. त्याच्या हाती उसनी गिटार होती, तारा चारच. त्याने एक गाणे रेकॉर्ड केले, कोरलच्या हातची राखेत भाजलेली भाकरी खाल्ली आणि गेला. पुढच्या वर्षी तो वारल्याचे कळले, तेव्हा माझ्यातल्या त्याच्या नावावरही कोरलने पट्टी लावली. त्याने कधी फॉर्म भरला नव्हता, त्यामुळे त्याला क्रमांक नव्हता. त्याच्या घरचे कोण, हे कोणाला सापडले नाही. ३० जूनला त्याच्या गाण्यावर 'पारंपरिक' असा शिक्का बसला. अलीकडे ते एका मोटारीच्या जाहिरातीत वाजते म्हणतात.

मित्रांनो, गाणे आवडले तर ते कोणी रचले हे त्याच वेळी विचारा आणि लिहून ठेवा. माणूस समोर बसलेला असतो, भाकरी खात असतो, तेव्हा ते सोपे असते. आणि माझ्यासारखी जुनी वही दाराखाली दिसली, तर तिला उचलून एकदा उघडून बघा.

माझ्या एकशे बाराव्या पिवळ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत एक खाकी पट्टी आहे. तिला कोणी खिडकी कापलेली नाही. पट्टी केवळ तीन बोटांची आहे. तिच्याखाली एक नाव आहे आणि त्याच्या माणसांची मी वाट बघते आहे.